सैपाकघर पर्यावरणाला धरून बदलायचं असेल, तर क्रम सांभाळा

राखेनं जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं काळं पडतं, रिठ्याच्या पाण्याला तिसऱ्या दिवशी वास येतो, कडुनिंबाचा पाला घातलेल्या डाळीला बुरशी धरते. असं एकेक झालं की घरातलं कोणीतरी म्हणतं, "राहू द्या, साबणाची वडीच बरी." मग महिन्याभरात सगळं पुन्हा होतं तिथं येतं. राख, रिठा आणि पाला या तिन्ही वस्तू कामाच्याच आहेत. पण कोणती वस्तू कशावर चालते, किती दिवस टिकते आणि कशात मिसळायची नाही, हे आधी ठाऊक हवं. ते कोणी नीट सांगत नाही, आणि फजिती तिथंच होते.

दुसऱ्या प्रकारची चूकही सर्रास दिसते. उत्साहात घरातले सगळे प्लास्टिकचे डबे उकिरड्यावर जातात आणि त्यांच्या जागी बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या, मातीचा तवा असं सगळं एकदम विकत येतं. पैसे संपतात, निम्म्या वस्तू पडून राहतात आणि फेकलेलं प्लास्टिक गावाच्या नाल्यात जाऊन अडकतं.

हा बदल आपल्या विदर्भातल्या शेतीच्या हंगामाला जोडून घ्या. दिवाळीनंतर सुरुवात केली तर बरंच काही घरचंच हाती येतं. वेलीवरचं गिलकं वाळलेलं असतं, आंबिया बहाराची संत्री असतात, पुढे नवी तूर येते आणि धान्य भरायला एप्रिल-मेचं कडक ऊन मिळतं. खालचे टप्पे त्याच अंदाजानं लावले आहेत.

टप्पा १ : काही घेण्याआधी आठवडाभर एक पोतं ठेवा

सैपाकघरातून बाहेर पडणारी प्रत्येक कोरडी वस्तू आठवडाभर एका पोत्यात टाका. तेलाच्या आणि दुधाच्या पिशव्या, बिस्किटाचे पुडे, भांड्याच्या साबणाची वेष्टनं, झिजलेल्या घासण्या, बाजारातून आलेल्या कॅरीबॅगा, काहीच सोडू नका. आठवडा संपला की पोतं अंगणात रिकामं करून तीन वाटे करा: रोज निघणारं, आठवड्यातून एकदा निघणारं, आणि कधीतरी निघणारं. रोजच्या वाट्यात जे सगळ्यात जास्त आहे, तिथून सुरुवात करायची. एका घरात त्या कॅरीबॅगा असतील, दुसऱ्या घरात गुटख्याच्या आकाराच्या मसाल्याच्या पुड्या असतील. शेजारणीनं काय बदललं ते पाहून आपण तेच बदलण्यात अर्थ नाही.

मग फडताळ उघडा. साबण, पावडर, घासण्या, डबे जे घरात आहे ते संपेपर्यंत वापरायचं. प्लास्टिकचा चांगला डबा फेकणं म्हणजे कचरा वाढवणंच. त्यात रवा, साबुदाणा, मीठ अशा कोरड्या आणि थंड वस्तू ठेवा. गरम भाजी, लोणचं, तेलकट चिवडा मात्र त्यातून आत्ताच बाहेर काढा, कारण उष्णता, तेल आणि आंबट यांच्या संगतीनं प्लास्टिकमधले घटक अन्नात उतरतात.

इशारा: पोत्यातलं प्लास्टिक चूल पेटवायला वापरू नका. धूर सैपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो, आणि उरलेली राख पुढे भांड्यांसाठी बाद होते. स्वच्छ, कोरडं प्लास्टिक साठवून भंगारवाल्याला द्या. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नका. तो बारका तुकडा कोणीच गोळा करत नाही आणि बहुतेकदा गुरांच्या पोटात जातो.

टप्पा २ : पाणी आणि भांडी ओळखा

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि पुढचं निम्मं अपयश इथूनच येतं.

आधी पाणी. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस वर येऊन टिकला तर पाणी हलकं. पाणी दुधाळ झालं आणि दह्यासारख्या कण्या तरंगल्या तर पाणी जड. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे खारपाणपट्ट्यात, आणि खोल बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या इतर गावांतही जड पाणी नेहमीचंच. अशा पाण्यातला चुना साबणाला धरून बसतो आणि त्याचा चिकट थर भांड्यावर राहतो. रिठ्याच्या फेसाला चुन्याची अशी बाधा होत नाही. म्हणून जड पाणी असलेल्या घरानं राखेच्या आधी रिठ्यावर भर द्यावा.

आता भांडी. ओट्यावर मांडून धातूप्रमाणे वेगळी करा.

जर्मन, म्हणजे ॲल्युमिनियम: राख, सोडा, चुना यांपैकी काही लावायचं नाही. या तिन्ही क्षारयुक्त वस्तू आहेत, आणि क्षार ॲल्युमिनियम खातो. भांडं आधी काळं पडतं, मग त्याला बारीक खड्डे पडतात. जर्मनला रिठा आणि मऊ घासणी.

स्टील: चाळलेली राख, रिठा, काहीही चालतं. चाळलेलीच मात्र हवी, कारण खड्यानं ओरखडे उठतात.

पितळ आणि तांबं: बाहेरून चिंच किंवा लिंबू-मीठ, मग राखेचा हात. पितळेच्या आतल्या कल्हईवर मात्र काहीही रगडू नका. कल्हई घासून गेली की त्या भांड्यात अंबाडीची भाजी, कढी, चिंचेचं सार कळकणारच.

लोखंडी कढई-तवा: काथ्या आणि गरम पाणी एवढंच. लगेच पुसून तेलाचं बोट फिरवा.

नॉनस्टिक: फक्त रिठ्याचं पाणी आणि फडकं. राख नको, काथ्या नको.

तपासा: घरात भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला कोणत्या भांड्याला काय हे पाठ झालं का? एकट्या सुनेला ठाऊक असून उपयोग नाही. सासूबाईंनी सवयीनं जर्मनला राख लावली की सगळ्यांचाच विश्वास उडतो.

टप्पा ३ : घासणी आणि फडकी

हिरव्या-पिवळ्या घासण्या प्लास्टिकच्याच असतात आणि झिजताना त्यांचे बारीक कण मोरीच्या पाण्यातून वाहून जातात. ही अदलाबदल सगळ्यात सोपी आणि जवळपास फुकट आहे.

जून-जुलैत कुंपणावर गिलक्याचा वेल चढवा. दोन-तीन फळं भाजीसाठी न तोडता वेलीवरच राहू द्या. फळ तपकिरी होऊन वजनाला हलकं लागलं आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तोडायचं. पाण्यात भिजवून साल सोला, बिया झटकून पुढच्या वर्षासाठी ठेवा, जाळी दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मग तुकडे करा. हिरवं फळ तोडून उन्हात वाळवण्याची घाई केली की आतून सडतं आणि जाळी काळी निघते.

जळकं आणि लोखंडी भांडं यांसाठी नारळाचा काथ्या ठेवा. देवळात फुटणाऱ्या नारळांच्या शेंड्या कोणी नेत नाही, त्या मागून आणा.

गिलक्याची घासणी ओली ठेवली की चार-आठ दिवसांत वास मारते. काम झालं की पिळून खिळ्याला टांगा, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात बुडवून उन्हात टाका. मऊ पडून तंतू सुटायला लागले की खताच्या खड्ड्यात.

फडक्यांसाठी जुनं सुती लुगडं किंवा धोतर फाडा. ओट्याचं, भांड्याचं आणि हातांचं फडकं वेगळं हवं, म्हणून त्यांना वेगवेगळ्या रंगाची किनार शिवा. टेरिकॉटच्या साडीची फडकी करू नका, ती पाणी शोषत नाहीत आणि आपण वैतागून पुन्हा टिश्यूकडे वळतो.

टप्पा ४ : भांडी घासायचं साहित्य

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबून वाचा.

राख. बाभळीच्या, आंब्याच्या, बोरीच्या कोरड्या लाकडाची राख उत्तम. थंड झाल्यावर जुन्या चाळणीतून चाळा, मग सुती फडक्यातून झटका आणि झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा. कोणती राख नको, ते नीट लक्षात घ्या:

– चुलीत प्लास्टिक, रबर, रंगवलेलं लाकूड जळलं असेल तर ती राख नको.

– पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडांवर, हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. भांड्यांसाठी राख साठवायची असेल त्या दिवशी चुलीत पऱ्हाटी घालू नका.

– चंद्रपूर, वणीच्या बाजूला दगडी कोळसा जळतो. त्या राखेत जड धातू असतात. ती भांड्यांना कधीच लावू नका, वीज केंद्राची राख तर नाहीच नाही.

– भंडारा-गोंदियाकडे राइस मिलची तुसाची राख मुबलक मिळते. तिच्यात वाळूतल्या घटकाचं, म्हणजे सिलिकाचं, प्रमाण खूप असतं आणि तेल कापणारा क्षार थोडाच. ती लोखंडाला चालेल, स्टीलला ओरखडे पाडेल.

रिठा. किराण्यात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. फोडून आतली काळी बी काढून टाका. बी निरुपयोगी असते आणि मिक्सरचं पातं मोडते. १०० ग्रॅम टरफलं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर २० ते ३० मिनिटं उकळा, थंड झाल्यावर हातानं कुस्करून गाळा. चोथ्यात पुन्हा अर्धा लिटर पाणी घालून दुसरा काढा काढता येतो. तो ओट्याला, फरशीला वापरा.

हे पाणी उन्हाळ्यात बाहेर दोन दिवस टिकतं, फ्रिजमध्ये आठवडाभर. पंधरा दिवसांचं एकदम करून ठेवणं हीच नेहमीची चूक. ज्यांना वारंवार उकळायला वेळ नाही त्यांनी टरफलं कडक वाळवून पूड करावी, कोरड्या बरणीत ती महिनोन्‌महिने राहते. कुटताना नाका-तोंडाला फडकं बांधा, शिंका थांबत नाहीत. पाणी किंवा पूड डोळ्यांत गेली तर फार झोंबतं, म्हणून लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

आता घासण्याचा क्रम. तो बदलला तर राख आणि रिठा दोन्ही हरतात:

१. खरकटं आधी निपटून बादलीत.

२. तेलकट भांडं कोरडंच पुसा. मूठभर कोंडा किंवा चुलीतली राख तेल ओढून घेते, जर्मनला मात्र कोंडाच. पाणी घातलं की तेल सगळीकडे पसरतं आणि दुप्पट साहित्य लागतं.

३. करपलेल्या भांड्यात गरम पाणी घालून अर्धा तास सोडा.

४. मग घासा. आधी पेले-वाट्या, मग ताटं, शेवटी कढया.

५. दोन टोपल्यांत (टबांत) पाणी घेऊन धुवा, आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात.

६. उन्हात उपडी घाला.

तपासा: रिठ्याला वडीसारखा फेस येत नाही, म्हणून फेसावरून ठरवू नका. धुतलेल्या ताटावर ओलं बोट फिरवा. करकर आवाज आला तर तेल गेलं, बोट घसरलं तर पुन्हा एक हात.

इशारा: राखेत लिंबाची साल किंवा व्हिनेगर, खायच्या सोड्यात व्हिनेगर, असली मिश्रणं मोबाईलवर खूप फिरतात. क्षार आणि आम्ल एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात. फसफस दिसते, सफाई होत नाही. आधी एक वापरा, धुवा, मग गरज वाटली तर दुसरं.

आणखी एक. रिठा झाडाचा आहे म्हणून कुठंही ओतायला मोकळा, असं नाही. त्याचा फेस माशांच्या कल्ल्यांना विषारी असतो. मामा तलावाच्या (माजी मालगुजारी तलावाच्या) किंवा बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, काठावर रिठ्यानं भांडी घासू नका. घरच्या मोरीतच घासा.

टप्पा ५ : संत्र्याच्या सालींचं द्रावण

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात सालींचे ढीग पडतात. त्यांचं द्रावण ओटा, टाइल्स आणि मोरीच्या वासाला चांगलं काम देतं. प्रमाण वजनानं: गूळ १, साली ३, पाणी १०. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये ३ लिटर पाणी, ९०० ग्रॅम साली आणि ३०० ग्रॅम गूळ. वरची रिकामी जागा मुद्दाम ठेवलेली आहे, ती भरू नका.

साली आधी धुवा, बागेत फवारणी झालेली असते. बुरशी लागलेल्या वेचून काढा. कॅनवर तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या, मग आठवड्यातून एकदा. तीन महिने झाले की गाळा.

काचेची बरणी वापरू नका. वायूच्या दाबानं ती फुटते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर फुटते. इथं जुनं प्लास्टिकच योग्य.

वरती पांढरी साय आली तर काळजी नाही. काळी बुरशी किंवा सडका वास आला तर खड्ड्यात ओता.

इशारा: हे द्रावण आम्लधर्मी आहे. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचेच दगड, त्यांवर टाकलं तर चमक कायमची जाते. विहिरीसाठी किंवा मोरीसाठी आणलेल्या ब्लीचिंग पावडरीत तर ते कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, बंद न्हाणीत जीव गुदमरतो. आणि हे जंतुनाशक नाही. घरात गॅस्ट्रोचा रुग्ण असेल तर भांडी उकळत्या पाण्यातून काढा, या द्रावणावर विसंबू नका.

टप्पा ६ : धान्य आणि डाळ साठवणं

माझ्या मते घासण्या-पिशव्यांपेक्षा हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण यात विष थेट अन्नाशेजारी येतं.

आधी हे बंद करा. युरियाचं किंवा कीटकनाशकाचं पोतं, कॅन, डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य, पाणी, तेल भरायचं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्याच औषधांचे रिकामे डबे आजही काही घरांत मीठ-मिरचीसाठी ठेवलेले दिसतात. ते भोक पाडून बाद करा, म्हणजे कोणी उचलणारच नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या धान्यात टाकून त्याच खोलीत झोपण्याचा प्रकारही थांबवा. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसालाही मारतो, आणि या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत, पारा आरोग्याला घातकच.

मग कीड कशी थांबवायची? क्रम असा:

१. नवं धान्य आधी चाळा. तुटके दाणे आणि कचरा यांतच किडा घर करतो.

२. कडक उन्हात पातळ थरानं वाळवा, दिवसातून दोन-तीनदा उलथवा.

३. वाळलं का ते तपासा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर सुकं मीठ घालून हलवा, पाव तास ठेवा. काचेला मीठ चिकटलं तर धान्य अजून ओलं. गहू-ज्वारी १२ टक्के ओलाव्याखाली, डाळी १० टक्क्यांच्या आसपास हव्यात. घरी टक्के मोजता येत नाहीत, म्हणून मिठाची परीक्षा झाली तरी आणखी एक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे.

४. रात्रभर सावलीत थंड होऊ द्या. गरम धान्य भरलं की डब्याच्या आत घाम धरतो आणि वरचा थर बुरसटतो. मेहनतीनं वाळवलेलं धान्य नासण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

५. डबा किंवा पिपा धुऊन उन्हात तापवून, थंड करून घ्या. १५ किलोचा तेलाचा पत्र्याचा पिपा उत्तम. आत राखेनं घासून गरम पाण्यानं धुवा, तेलाचा वास गेलाच पाहिजे.

६. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवून तळाला, मध्ये आणि वर पसरा. ताजा पाला घालू नका. त्यातलं पाणीच बुरशी आणतं.

७. डाळीला आणि अख्ख्या कडधान्याला किलोमागे एक लहान चमचा करडईचं किंवा फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल चोळा. तेलाच्या पातळ थरामुळे भुंग्याची अंडी जगत नाहीत. एरंडेल लावलं असेल तर शिजवण्याआधी नीट धुवा.

८. डबा काठोकाठ भरा, झाकण घट्ट करा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा आणि कीड दोन्ही राहतात.

पाला कीड लागू नये म्हणून असतो. आधीच लागलेली कीड त्यानं मरत नाही, असं धान्य चाळून पुन्हा उन्हात घालावं लागतं. पावसाळ्यात डबे उघडून वाळवण घालायची सोय नसते, म्हणून मृग लागण्याच्या आत एकदा सगळे डबे तपासा. पावसाळाभर रोज लागणारं धान्य लहान डब्यात काढून घ्या आणि मोठा डबा उघडाच करू नका.

टप्पा ७ : आठवडी बाजार

इथं फार सांगण्यासारखं नाही. जुन्या साडीच्या चार-पाच पिशव्या शिवा आणि त्या घरात न ठेवता सायकलीच्या, गाडीच्या डिक्कीत ठेवा. पिशवी विसरते ती घरात असते म्हणून. सांभार (कोथिंबीर) आणि पालकाला मलमलची ओली पिशवी, मिरची-आल्याला लहान थैली. मांस-मासळीला झाकणाचा स्टीलचा डबा.

तेलघाणीवर जवस, करडई, फल्ली देऊन तेल काढून आणत असाल तर किटली पूर्ण कोरडी न्या. पाण्याचा थेंब राहिला तर तेल लवकर खवट होतं.

१२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. दुकानदारानं दिली तरी नको म्हणा. 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राची असली तरी ती कारखान्याच्या उष्ण खतढिगात कुजण्यासाठी केलेली असते. उकिरड्यावर ती बराच काळ तशीच दिसते.

टप्पा ८ : भांडी सगळ्यात शेवटी

नवी भांडी हा पहिला खर्च कधीच करू नका. नॉनस्टिकचा थर सुटायला लागला, जर्मनला खड्डे पडले, तेव्हा त्या एका भांड्याची जागा भरा. वर्षाला एक-दोन एवढ्या गतीनं.

लोखंडी कढई आणली तर आधी गरम पाण्यानं घासून कारखान्याचं तेल काढा, कोरडी करा, आत-बाहेर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून बाहेरच्या चुलीवर धूर येईपर्यंत तापवा. थंड झाल्यावर पुन्हा. असं चार-पाच वेळा केलं की काळा गुळगुळीत थर बसतो. जवसाचं तेल वाळून घट्ट होणारं आहे, म्हणून ते यासाठी इतरांपेक्षा बरं. तेल जाड लावलं तर थर चिकट राहतो. या कढईत अंबाडी, चिंच, टमाटरची भाजी ठेवून देऊ नका.

मातीचं भांडं चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, मग त्यात तांदळाची पेज मंद आचेवर उकळा. पहिल्याच दिवशी मोठ्या गॅसवर चढवलं की तडकतं. रंगीत चकाकीच्या मातीच्या भांड्यात सैपाक करू नका, काही झिलईंत शिसं असतं. साधं, बिनझिलईचं घ्या. ते साबणानं धुवायचं नाही, माती साबण पिते. गरम पाणी आणि काथ्या पुरे.

टप्पा ९ : पंगत, महाप्रसाद, तेरवी

वर्षभर घरात जपलेलं एका दुपारच्या पंगतीत उलटतं. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. आता कागदाच्या नावानं चकचकीत द्रोण येतात. त्यातला एक फाडून पाहा, फाटलेल्या काठावर पातळ पापुद्रा ताणला गेला तर तो प्लास्टिकचाच थर आहे. कागदी चहाच्या कपांचंही तेच.

आपल्याकडे पळस आहे, पण त्याची वेळ साधावी लागते. फाल्गुनात पळसाची पानं झडतात आणि फुलं येतात, चैत्र-वैशाखातली पालवी कोवळी असते, टाके घालताच फाटते. म्हणून लग्नसराईसाठी लागणाऱ्या पत्रावळी पानगळीच्या आधी, थंडीत टाचून, सावलीत वाळवून, दाबाखाली गठ्ठे करून ठेवा. वापरण्याआधी पाणी शिंपडून फडक्यात गुंडाळा, म्हणजे कडा मोडत नाहीत. काड्यांची टोकं वर आलेली असतील तर मोडून टाका, लेकरांच्या बोटांना टोचतात.

गावात बचत गट असेल तर स्टीलची दोनशे ताटं-वाट्या एकत्र घेऊन भाड्यानं देणं हा त्याहूनही टिकाऊ उपाय. फक्त धुण्याची जबाबदारी आणि हरवलेल्या ताटाची किंमत आधी कागदावर लिहून घ्या. वाद तिथंच होतात.

टप्पा १० : ओला कचरा आणि मोरीचं पाणी

नाडेप टाकं, म्हणजे खत कुजवायचं विटांचं टाकं, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांनी रुजवलं, पण एका घराच्या भाजीच्या देठांनी ते भरत नाही. त्यासाठी शेण आणि शेतातला काडीकचरा लागतो. सैपाकघरापुरता तळाला भोकं पाडलेला जुना माठ पुरतो. एक थर ओला, त्यावर दुप्पट वाळका पाला किंवा तुराट्यांचा चुरा, वर मूठभर माती. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, वाळकं घाला. महिनाभर कुजत नसेल तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. हाडं आणि तेलकट उष्टं यात नको, घुशी येतात.

मोरीचं पाणी परसात सोडताना मातीकडे पाहा. आपली काळी माती आधीच क्षाराकडे झुकलेली असते, त्यात रोज राखेचं पाणी गेलं तर झाडं पिवळी पडतात. खारपाणपट्ट्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी तर परसात मुळीच नको. राखेचं पहिलं पाणी शोषखड्ड्यात, रिठ्याचं आणि दुसऱ्या टोपल्याचं पाणी केळी, अळू, कर्दळीला. एकाच आळ्यात रोज न सोडता चर फिरवत राहा. आळ्याच्या कडेला पांढरा थर दिसला की तिकडचं पाणी लगेच बंद करून शोषखड्ड्याकडे वळवा, आणि ती जागा एक पावसाळा धुऊन निघेपर्यंत तिथं भाजी लावू नका.